आतली ओल

१२ ऑक्टोबर, रविवार

मारुतीच्या पारावरचा फळा आजपासून माझ्याकडे आला. आधी शाळेतले सर त्यावर सुविचार लिहायचे. त्यांची बदली झाली आणि पावसाळाभर फळा कोरा राहिला. काल भजनी मंडळाने ठरवलं की ग्यानबाचं अक्षर चांगलं आहे, त्यालाच द्या. अक्षर चांगलं आहे हे खरं. दहावीपुढे शिकलो नाही, पण या गावात लग्नघराची अशी भिंत नसेल जिच्यावर नवरा-नवरीची नावं मी लिहिली नाहीत.

मारुतीपुढे हात जोडून ठरवलं, पुस्तकातली मोठ्या माणसांची वाक्यं लिहायची नाहीत. ती वाचून कोणाचं काही हललेलं मी पाहिलं नाही. आपल्याच शिवारात रोज डोळ्याला जे दिसेल आणि मनाला शांत करेल, तेच एका ओळीत लिहायचं. लोकांना बघायला वेळ नाही. त्यांच्या वतीने मी बघीन.

पहिली ओळ लिहिली : 'सोयाबीन निघालं, वावर उघडं पडलं, तरी दव रोज पडतं.'

समोर सेवादासचं चहाचं हॉटेल आहे. तो बाजूच्या तांड्यावरचा. गाळणी हातात धरूनच वाचायला आला.

"भाऊ, हे टोमनं कोनाले मारलं?"

"कोनाले नाही मारलं बाप्पा. दव हाये ते."

"उघडं पडलं म्हन्ता ना. माजी सरपंच दोन डाव वाचून गेले."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

'खुंट्याला बांधलेलं वासरू दोर विसरून खेळत होतं.' एवढंच लिहिलं होतं. दुपारी वरच्या आळीतले एक गृहस्थ घरी येऊन भांडले. "माह्या घरजावयाले वासरू म्हन्ता?" मी त्यांना वासरू दाखवायला गोठ्यात नेलं. ते आले नाहीत, दारातूनच शिव्या देत गेले. चांगली ओळ सुद्धा लोक काट्यासारखी पायात घालून घेतात, त्याला मी काय करू?

विकास माझा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर घराचे दोन भाग झाले, मधली भिंत दोघांची. दोन्ही दारं पाराकडेच उघडतात. आज त्याच्या दर्शनी भिंतीला रंग लागताना दिसला. गुलाबी. दिवाळीनंतर मंजूला पाहायला पाहुणे येणार आहेत, हेही मला सेवादासकडून कळलं. मंजू विकासची एकुलती एक. मी तिचा मोठा बाप, आणि मला हॉटेलात कळतं.

पोरीच्या लग्नाची भिंत तो कोणाकडून लिहून घेतो ते आता पाहायचं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

विकास सकाळी भिंतीपलीकडून ओरडला. माझी न्हाणी त्याच्या भिंतीला लागून आहे, अगदी पुढच्या कोपऱ्यात.

"तुह्या न्हानीचं पानी मुरून राह्यलं माह्या भितीत! नवा रंग हाये!"

मी ओ दिली नाही. तो बायकोला मोठ्याने म्हणाला, "बहिरा झाला तो. फक्त लिवता येते त्याले."

माझी बायको रुपा म्हणाली, "अवो, पाइप फुटला असन. पाहून घ्या ना. त्याच्या घरी पाहुने येऊन राह्यले."

मी म्हटलं, "त्यानं नीट येऊन सांगावं. भाऊ म्हनून हाक मारावी. मंग पाहू."

"अन् नाही मारली तं?"

"तं मुरू दे."

संध्याकाळी मारुतीपुढे बसलो. जप चांगला झाला. राग मनात धरणाऱ्यातला मी नाही, त्याचं बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

फळ्याजवळून विकासचं घर समोरच दिसतं. दाराच्या माझ्याकडच्या बाजूला, गुलाबी रंगातून ओल वर आली आहे. पसरट, ताटाएवढी. रंगाला बारीक फोड आले आहेत.

बराच वेळ पाहत उभा होतो. का कोण जाणे, मनाला फार शांत वाटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

मंजू करंज्यांचं ताट घेऊन आली. आईपासून लपवून आणल्या होत्या. चंदाबाई माझ्याशी बोलत नाही आणि पोरीनेही बोलू नये असं तिला वाटतं. मंजू ऐकत नाही. लहानपणी शाळेतून येता-जाता पारावरचा फळा पुसायची तिला सवय होती. आता वाशीमला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत आली की तरीही पुसते. आज ओढणीनेच पुसला.

"मोठेबाबा, रविवारी पाहुने येतात. कारंज्याचे. तुमी याल ना?"

"तुह्या बापानं नाही सांगतलं."

"मी सांगून राह्यली ना."

मुलगा अमरदीप, वीज कंपनीत लाईनमन आहे. हिने त्याच्याशी फोनवर एकदा बोलून घेतलंय, असं हळूच म्हणाली. "तो म्हन्ते, शिक्षण पुरं कर, मंग नोकरी कर. बाकीचे दोन ठिकान आले होते ते म्हने नोकरी कायले पायजे. मले हेच पायजे, मोठेबाबा. तुमी मारुतीले सांगा."

सांगतो म्हटलं. संध्याकाळी सांगितलंही.

रविवारी मी जाणार नाही. ज्याचं घर त्याने बोलवावं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहाटे वावरात गेलो. हरभरा पेरायचा आहे. वरची माती राखेसारखी दिसत होती. चार बोटं उकरली तर खाली काळीभोर, हातात दाबली की लाडू होतो. केवढा धीर येतो अशा मातीने! कोणी पाणी दिलं नाही, कोणी पाहिलं नाही, तरी पावसाचं देणं तिने पोटात धरून ठेवलंय. हेच लोकांना सांगावं असं वाटलं.

पारावर येऊन लिहिलं : 'आतली ओल वरच्या मातीने झाकत नाही.' वाचून पाहिलं. 'मातीने' बरोबर वाटेना. पुसून 'रंगाने' केलं. ओळ जास्त उठून दिसली.

पाहुणे अकराच्या सुमारास जीपने आले. मी घराच्या खिडकीत होतो. मुलाचे आजोबा, धोतरवाले, आधी पाराशी थांबले. मारुतीला हात जोडले, चष्मा पुसला आणि फळा वाचला. मग वळून विकासची भिंत पाहिली. मग पुन्हा फळा वाचला. सेवादासच्या हॉटेलात जाऊन काहीतरी विचारलं. सेवादासने माझ्या दाराकडे हात केला.

पोहे झाले, चहा झाला. नेहमी अशा वेळी पोरीच्या हातात काही ठेवतात, पुढचं बोलणं होतं. ही मंडळी 'कळवतो' म्हणाली आणि जीप गेली.

जेवताना रुपा माझ्याकडे पाहत नव्हती.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सकाळी कारंज्याहून फोन आला. 'आम्हाले जरा विचार करू द्या.' या भागात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

विकास बनियनवरच पारावर आला. अर्धं गाव होतं. खांद्यावरच्या टॉवेलने त्याने फळा पुसला, पुसताना टॉवेल फाटेल की काय असं वाटलं.

"बाहेरचे लोकं भांजी मारतात, सोयरीक मोडतात. माह्या पोरीची भांजी तिच्या मोठ्या बापानं मारली! तेबी खडूनं, देवाच्या दारात!"

"मी हरभऱ्याबद्दल लिवलं," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

"हरभऱ्याबद्दल!" विकास म्हणाला. "त्या म्हाताऱ्यानं सेवादासले काय विचारलं, माहीत हाये? ह्या घरात आतून काय लपवलं? अन् सेवादास म्हने, लिवनारा त्याच घरचा मोठा हाये, त्यालेच विचारा. मोठा बापच म्हन्ते आत ओल हाये, तं दुसऱ्यानं काय समजावं? पोरीले काही रोग हाये, का तिचं काही लफडं हाये?"

"तसं माह्या मनातबी नव्हतं रे."

"तुह्या मनात काय असते ते रोज वाचतो ना आमी."

सेवादास हॉटेलातून बोलला, "भाऊ, मी फक्त नाव सांगतलं. शपथ."

मंजू दारात उभी होती. तिच्या आईने तिला आत ओढलं.

घरी आलो. रुपाला सांगितलं, तू तरी ऐक, मातीच्या ओलीचंच लिहिलं होतं. ती भाकर थापत होती. थांबली नाही.

"वावराले कोन रंग देते?" म्हणाली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

भजनी मंडळाचे दोघे येऊन खडूचा डबा घेऊन गेले. रात्री कोणीतरी फळ्यावर लिहिलं होतं, 'न्हाणीवाले बाबा'. अक्षर गचाळ, णीची वेलांटी ऱ्हस्व. मी हाताने पुसलं.

दुपारी मंजू वावराच्या वाटेवर भेटली. वाट अरुंद, दोघांनाही थांबावं लागलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मोठेबाबा, हरभऱ्याले खरंच ओल हाये?"

"हाये."

"मंग पेरून घ्या," म्हणाली आणि बांधावरून उतरून, तुरीतून निघून गेली.

आज मारुतीपुढे बसता आलं नाही. डोळे मिटले की भिंत दिसत होती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

कोणाला न सांगता कारंज्याला जाऊन आलो. सगळं लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच ते वेगळं आठवेल.

पहाटे वावरातून मातीचं एक ढेकूळ घेतलं. चांगलं ओलं, काळं. रुमालात बांधलं. विचार असा की म्हाताऱ्याच्या हातावर ठेवावं आणि म्हणावं, ही पाहा ती ओल. मंगरूळपीरला बस बदलली. कारंज्याला उतरून विचारत विचारत गेलो. घर गावाच्या कडेला, मागे वावर.

आजोबा ओट्यावर सुपात हरभऱ्याचं बियाणं निवडत बसले होते. मुलगा कामावर गेला होता.

"कोन तुमी?"

"मी मंजूचा मोठा बाप."

"हं. फळेवाले." बस म्हणाले नाहीत. खडे काढून अंगणात टाकत राहिले. मी उभाच.

मी रुमाल सोडला. ढेकूळ एसटीतल्या उन्हाने पांढरं पडलं होतं. दाबलं तर त्याचा भुगा झाला. माझ्या चपलांवर पडला.

"हे काय हाये?"

"सकाळी ओलं होतं. मी ह्या ओलीचं लिवलं होतं. वावरातल्या."

म्हाताऱ्याने सुपातून मान वर केली. "ओल दाखवायले इतक्या दूर आले अन् ढेकूळ घेऊन आले. आमच्या वावरात माती नाही का? खरं सांगा. भितीचंच लिवलं ना?"

'मारुतीची शपथ, नाही' हे अगदी ओठावर आलं होतं. मारुती एवढाच शब्द तोंडातून निघाला. पुढचं काही केल्या निघेना.

"भितीचं लिवलं," मी म्हणालो.

"भितीत पानी कुठून येते?"

हे त्यांनी का विचारलं कळलं नाही. कदाचित शेतकऱ्याची सवय, ओल दिसली की उगम शोधायचा. मी खाली पाहिलं.

"माह्या न्हानीतून."

सूप खाली ठेवलं त्यांनी. मी मार खायच्या तयारीने उभा होतो.

"म्हंजे पानीबी तुमचं अन् फळाबी तुमचाच?"

मी चपलांवरचा भुगा झटकायला वाकलो.

"अन् आमी इकडं चार दिवस डोकं खाजवून राह्यलो, पोरीत काय खोट हाये. माहा नातू जेवत नाही नीट. शरम नाही वाटली, लेकरासारख्या पोरीवर असं लिवाले?"

"पोरीवर नव्हतं. भावावर होतं."

"लागलं कोनाले?"

पोरीत काही खोट नाही, एवढं सांगितलं. आणखी पुष्कळ सांगायचं होतं. ती हुशार आहे, मनाची चांगली आहे. पण तोंडातून आलं ते असं की, ती लहान होती तेव्हापासून फळा पुसते, कोणी सांगितलं नसताना. म्हाताऱ्याने माझ्याकडे विचित्र पाहिलं.

चहा आला. गोड होता, पण 'घ्या' कोणी म्हटलं नाही. निघताना ते म्हणाले, "आमी काय ठरवू ते ठरवू. पन लग्न होवो न होवो, त्या पोरीचं कुठंबी जमेपर्यंत फळ्यावर एक अक्षर लिवू नका. कबूल?"

"कबूल."

परत येताना बसमध्ये रुमाल झटकला. शेजारचा माणूस खेकसला, "माती कायले उडवता बुवा?"

२ नोव्हेंबर, रविवार

कारंज्याहून काही निरोप नाही.

न्हाणीची फरशी उकरली. रुपा घमेल्याने माती काढत होती. पाइपचा जोड सुटलेला होता, पार सडलेला. पाणी सगळं भिंतीतच जात होतं. किती दिवसांपासून, देव जाणे.

पलीकडून विकास ओरडला, "आता काय भीत पाडतो काय माही?"

रुपाने वरच्या वर उत्तर दिलं, "पाइप बदलून राह्यले, भाऊजी! तुमचं ऐकून नाही, माह्या कटकटीनं!"



५ नोव्हेंबर, बुधवार

पारावरून जात होतो. सेवादासने हाक मारली. कोऱ्या फळ्याकडे बोट केलं.

"भाऊ, हे कोरं कोनासाठी हाये?"

"कोनासाठीच नाही."

"लोकं म्हन्तात, सगळ्या गावालेच मारलं."

८ नोव्हेंबर, शनिवार

हरभरा उगवला. दोन दोन पानं. ओळी सरळ आल्या आहेत, विकासच्या वावरातल्याही. त्याच्या ओळी माझ्यापेक्षा सरळ आहेत. कोणाला सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल रात्री कारंज्याहून फोन आला, पसंती आहे. लग्न याच महिन्याअखेर. मुलाला रजा तेव्हाच मिळते. हे मला हॉटेलात नाही, विकासकडून कळलं. तो सकाळी माझ्या अंगणात आला. बसला नाही. रुपाने खुर्ची दिली, तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"कोनं सांगतलं होतं तुले कारंज्याले जायले?"

"कोनं नाही."

"मंग काहून गेला? मी मेलो होतो का? म्हातारा फोनवर मले म्हन्ते, तुमच्या भावानं सगळं कबूल केलं. काय कबूल केलं? गावात माही इज्जत घालवली अन् कबूल करायले परगावी गेला!"

"गावात बी करतो. चाल पारावर."

"राहू दे. पुन्हा गर्दी नको." तो दाराकडे वळला. "तू गेला म्हनून मिटलं, असं समजू नको."

"नाही समजत."

दारातून बाहेर पडला, आणि मग तिकडेच तोंड करून म्हणाला, "मंगरूळचा पेंटर लय पैसे सांगते. रविवारी भीत लिवाले ये."

त्याने भाऊ म्हणून हाक मारली नाही. माझ्या लक्षात आलं, पण ते रात्री.

१६ नोव्हेंबर, रविवार

विकासच्या दाराच्या एका बाजूला खिडकी आणि विजेचं मीटर आहे. लिहायला जागा एकच, माझ्याकडची. ओल अजून गेलेली नाही. पाइप बदलला तरी भिंतीत मुरलेलं पाणी इतक्यात सुकत नाही.

मी म्हटलं, "इथं रंग धरनार नाही."

"त्याच्यावरच लिव. झाकलं जाइन."

"निघून येइन, विकास."

"लग्नापर्यंत राह्यलं म्हंजे झालं," तो म्हणाला.

स्टुलावर चढलो. त्याने स्टूल धरलं. निळ्या रंगाने 'शुभविवाह' लिहिलं, ते कोरड्या जागेवर आलं. 'चि. अमरदीप' चांगलं बसलं. चंदाबाई दारात येऊन उभी राहिली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "वेलांट्या नीट द्या म्हनावं. पाहुने वाचतात आपल्या गावात." मंजू तिच्या मागे होती. हसू दाबायला तिने ओढणी तोंडावर धरली.

'चि. सौ. कां. मंजू' नेमकं ओलीवर आलं. 'मं'वरचं टिंब दिलं आणि ते खाली ओघळलं, 'म'च्या काठीवरून थेट.

"काय झालं?"

"टिंब ओघळलं."

"पूस."

"पुसलं तं खालचा गुलाबीबी निघीन."

विकास आत गेला. जुन्या धोतराचा तुकडा आणला, माझ्या हातात दिला. मी ओघळ नुसता टिपून घेतला. तिथे थोडं थांबलो, दुसऱ्यांदा टिंब दिलं, अगदी कमी रंग घेऊन.

"हात हलवू नको," तो खालून म्हणाला.

"मी नाही हलवून राह्यलो. तू स्टूल हलवून राह्यला."

"फळ्यावर बरा नाही हलत तुहा हात."

सेवादास हॉटेलातून पाहत होता. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

मी उतरलो नाही, विकासने स्टूल सोडलं नाही. टिंब सुकेपर्यंत दोघंही तसेच होतो.